आकड्यांना आकार देणारा विल्यम प्लेफेअर

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे गाव अनेक वाटांच्या मेळावर वसलेले आहे. खामगाव, मेहकर, देऊळगाव राजा, जालना आणि जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा या गावांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. अशा गावाच्या एसटी स्थानकात वेळापत्रकाचा फलक असतो. गाव आणि वेळ, गाव आणि वेळ अशा ओळींमागून ओळी त्यावर लिहिलेल्या असतात. खामगावची पुढची गाडी केव्हा सुटणार, हे त्या फलकावरून क्षणात कळते. परंतु दिवसभरात सर्वांत अधिक गाड्या कोणत्या गावाकडे जातात, असा प्रश्न कोणी केला, तर मात्र फलकावर बोट ठेवून एकेक ओळ मोजत बसावे लागते.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना यावर एक उपाय ठाऊक असतो. चौकटींच्या कागदावर प्रत्येक गावासाठी एक पट्टी आखावयाची आणि एका गाडीला एक चौकट या प्रमाणाने ती रंगवावयाची. पट्ट्या पूर्ण झाल्या की उत्तर आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते. गणिताच्या पुस्तकात या आकृतीला स्तंभालेख म्हणतात. चिखलीच्या आकाशातून उंचावरून जाणाऱ्या विमानांचा हिशेबही आज याच रीतीने मांडतात. फरक इतकाच की विमानांच्या फेऱ्या हजारोंनी असल्यामुळे त्यांची मोजणी माणूस करीत नाही. उड्डाणांची यादी संगणकाला देतात, आज्ञावलीच्या थोड्या ओळी लिहितात आणि मुंबई ते दिल्ली, मुंबई ते नागपूर अशा एकेका मार्गाची पट्टी पडद्यावर उमटते.

ही युक्ती इतकी साधी आहे की ती कोणाला शोधून काढावी लागली असेल, असे मनातही येत नाही. पण माणसे हजारो वर्षे हिशेब लिहीत आली, तरी देशोदेशीच्या व्यापाराच्या रकमा पट्ट्यांच्या लांबीने दाखवाव्यात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाला सुचले नव्हते. ते सुचले विल्यम प्लेफेअर नावाच्या एका स्कॉटिश माणसाला, आणि तेही काहीसे नाइलाजाने.

विल्यमचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या लिफ या खेड्यात झाला. त्याचे वडील तेथे धर्मोपदेशक होते. १७७२ मध्ये ते वारले तेव्हा विल्यम अवघा बारा वर्षांचा होता. घराचा भार त्याचा थोरला भाऊ जॉन याच्यावर पडला. हा जॉन विल्यमपेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता. पुढे तो एडिंबरो विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला आणि समांतर रेषांविषयीच्या एका गृहीतकामुळे भूमितीच्या पुस्तकांतून त्याचे नाव आजही वाचावयास मिळते.

जॉनने धाकट्या भावाला दिलेला एक धडा मोठा नामी होता. त्याने विल्यमला रोज उष्णतामापकातील पारा पाहून त्याची नोंद ठेवण्यास सांगितले. पण ती केवळ आकड्यांत नव्हे, तर समान भाग पाडलेल्या पट्टीवर रेघा काढून. पारा चढला की रेघ वाढे, उतरला की आखूड होई. जे आकड्यांत सांगता येते ते रेषांनीही दाखविता येते, ही गोष्ट त्या पोराच्या मनावर अशी कायमची ठसली. आपल्या शोधाचे श्रेय विल्यमने पुढे या भावालाच दिले. त्याच्या एकंदर स्वभावाकडे पाहता हे विशेषच म्हणावयाचे, कारण दुसऱ्यांना श्रेय देण्याची त्याला फारशी सवय नव्हती.

शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण विल्यमच्या वाट्याला आले नाही. त्याला अँड्र्यू मिकल या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. मिकल गिरण्यांची यंत्रे बनवीत असे, आणि पुढे मळणीचे यंत्र तयार करून त्याने नाव मिळविले. खळ्यावर बैलांची पात धरून किंवा काठीने झोडपून धान्य मोकळे करण्याचे कष्ट ज्या शेतकऱ्यांनी सोसले आहेत, त्यांना त्या यंत्राचे मोल वेगळे सांगावयास नको. मिकलच्या हाताखालून निघालेला विल्यम १७७७ मध्ये बर्मिंगहॅमला गेला. वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॅट याच्या कारखान्यात त्याला आराखडे काढण्याचे काम मिळाले. चाके, दांडे, नळ्या यांची चित्रे ठरावीक प्रमाणात, नेमक्या मापाने काढण्याचा हात त्याला तेथे बसला. वॅटसारख्या माणसाच्या सहवासात दुसरा एखादा आयुष्यभर राहिला असता. विल्यमला मात्र धीर नव्हता. चार-पाच वर्षांत त्याने कारखाना सोडला आणि लंडनमध्ये एका भागीदाराबरोबर चांदीच्या वस्तूंचा धंदा मांडला. तो धंदा बुडाला. तेव्हा त्याने लेखणी हाती धरली.

१७८६ मध्ये लंडन येथे त्याचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यापार आणि राजकारण यांचा तो नकाशासंग्रह होता. मात्र त्यात डोंगर, नद्या किंवा शहरे यांचा एकही नकाशा नव्हता. होत्या त्या सगळ्या आकड्यांच्या आकृती. इंग्लंडचा कोणत्या देशाशी किती व्यापार चालतो, दरवर्षी किती माल येतो आणि किती जातो, हे त्याने वाकड्या रेषांनी दाखविले होते. आडव्या दिशेने वर्षे आणि उभ्या दिशेने पौंड. आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधील जागा हाताने रंगविलेली. हिंदुस्थान आणि पूर्वेकडील देश यांच्याशी चाललेल्या व्यापाराची आकृतीही त्यात होती.

वाचकांना ही रीत अगदीच नवी होती. पैशाची रक्कम कागदावर इंचांनी कशी मोजावयाची, असा प्रश्न पुष्कळांना पडणार हे प्लेफेअर जाणून होता. म्हणून त्याने एक सुरेख दृष्टांत योजला. एखादा व्यापारी रोज संध्याकाळी दिवसभराच्या विक्रीची सारी नाणी एकावर एक रचून ठेवतो, अशी कल्पना करावी. ज्या दिवशी विक्री अधिक, त्या दिवसाची चळत उंच. ज्या दिवशी कमी, त्या दिवसाची ठेंगणी. अशा चळती ओळीने मांडल्या तर महिन्याचा सारा धंदा नजरेच्या एका टप्प्यात येईल. त्याच्या आकृती म्हणजे कागदावर आखलेल्या अशाच चळती होत्या. चिखलीच्या बाजारात दुकान चालविणाऱ्यालाही हा दृष्टांत तत्काळ पटावा.

या संग्रहात चव्वेचाळीस आकृती होत्या. त्यांपैकी त्रेचाळीस आकृतींत वर्षांचा क्रम होता. चव्वेचाळिसावी मात्र निराळी होती, आणि तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे प्लेफेअरला पाऊणशेहून अधिक वर्षांचे मिळाले होते. स्वतःच्या मायभूमीचे, स्कॉटलंडचे, आकडे मात्र त्याला एकाच वर्षाचे हाती आले. १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे ते वर्ष. एका वर्षाची रेषा कशी काढावयाची? रेषेला निदान दोन टोके तरी हवीत. स्कॉटलंडला वगळावे, तर ग्रंथ अपुरा राहणार. अशा पेचात त्याने वर्षांचा क्रम बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी देश मांडले.

ते पान असे आहे. उजव्या हाताला एकाखाली एक सतरा ठिकाणांची नावे आहेत. वरच्या बाजूला जर्सी, आइसलँड अशी लहान व्यापाराची ठिकाणे, तर खाली अमेरिका, रशिया आणि शेवटी आयर्लंड. प्रत्येक नावासमोर दोन आडव्या पट्ट्या आहेत. एक काळी भरीव, ती निर्यातीची, आणि दुसरी रेघारेघांची, ती आयातीची. पानभर उभ्या रेघा आहेत आणि त्यांतील प्रत्येक भाग दहा हजार पौंडांचा आहे. आयर्लंडची निर्यातीची पट्टी पानाच्या एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचते, जर्सीची पट्टी शोधून काढावी लागते. रशियाकडून येणारा माल फार आणि तिकडे जाणारा थोडा, हे सांगण्यास तेथे एकाही शब्दाची गरज पडत नाही. आजच्या गणिताच्या भाषेत हा जोडस्तंभालेख होय. व्यापाराच्या आकड्यांचा ज्ञात असलेला हा पहिलाच स्तंभालेख.

काळाचे मोजमाप पट्ट्यांनी दाखविण्याची कल्पना त्याआधी जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने वापरली होती. १७६५ मध्ये त्याने थोर पुरुषांच्या आयुष्यांचा एक तक्ता छापला. त्यात ज्याचे आयुष्य दीर्घ त्याची रेघ लांब होती. पट्टीच्या लांबीचा अर्थ काळाऐवजी पैसा असा करणे हे प्लेफेअरचे काम. आणि तरीही स्वतः प्लेफेअर या आकृतीवर संतुष्ट नव्हता! तिच्यात काळाचा प्रवाह दिसत नाही, म्हणून ती बाकीच्या आकृतींहून उणी आहे, असे त्याला वाटे. जगभरच्या शाळांतील मुले जी आकृती पहिल्याने शिकतात, तिच्याविषयी तिच्या जनकाने क्षमायाचना करावी, हा एक विलक्षण योग आहे.

ग्रंथ छापण्यापूर्वी त्याने आपल्या आकृती जुने मालक वॅट यांना दाखविल्या होत्या. वॅट यांनी सल्ला दिला की, चित्राबरोबर मूळ आकड्यांचे तक्तेही द्यावेत. नाहीतर नुसत्या चित्रावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. सल्ला शहाणपणाचा होता. चित्र डोळ्यांना पटते, पण ते खरे की खोटे हे आकडे तपासूनच ठरते. प्लेफेअरने पहिल्या आवृत्तीत तक्ते दिले. फ्रान्समध्ये या ग्रंथाचे अधिक कौतुक झाले. सोळावा लुई हा भूगोलाची आवड असलेला राजा होता. त्याने या आकृती पाहताच त्यांचा अर्थ ओळखला आणि त्या कोणत्याही भाषेच्या माणसाला समजतील म्हणून त्यांची वाखाणणी केली, असे प्लेफेअरनेच नमूद करून ठेवले आहे.

येथपर्यंतची कथा वाचून प्लेफेअरचे पुढील आयुष्य मानसन्मानात गेले असेल, असे कोणालाही वाटेल. तसे घडले नाही.

१७८७ मध्ये तो पॅरिसला गेला. दोन वर्षांनी तेथे राज्यक्रांतीचा भडका उडाला. त्या धामधुमीत भयभीत झालेली अनेक कुटुंबे देश सोडण्याच्या विचारात होती. अमेरिकेतील ओहायो नदीकाठची जमीन विकणारी एक कंपनी तेव्हा पॅरिसमध्ये उघडली होती, आणि प्लेफेअर तिच्या कारभारात पुढे होता. मोठा सुबक नकाशा आणि मोहक माहितीपत्रके दाखवून जमिनी विकण्यात आल्या. सुमारे पाचशे फ्रेंच माणसे घरदार मोडून समुद्रपार गेली. १७९० मध्ये तेथे पोहोचल्यावर त्यांना कळले की त्यांच्या हातातील खरेदीखते कुचकामाची आहेत. ज्या कंपनीने जमीन विकली, तिची मालकी त्या जमिनीवर कधी सिद्धच झाली नव्हती. समोर दाट अरण्य आणि उतरावयास काही लाकडी झोपड्या! लोकांनी भरलेल्या पैशाचा हिशेब लागला नाही आणि त्याचा ठपका प्लेफेअरवर आला. त्यात त्याचा दोष किती आणि इतर भागीदारांचा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु त्या कुटुंबांचे जे नुकसान झाले ते भरून निघाले नाही. ज्या हाताने आकड्यांची खरी चित्रे काढली, तोच हात खोट्या आशेच्या नकाशामागेही होता, हे त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही.

लंडनला परतल्यावरही त्याची धडपड थांबली नाही. त्याने पेढी काढली, ती बुडाली. त्याने वृत्तपत्रांत लिहिले, राजकारणावर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली, कर्जे केली आणि त्या कर्जांपायी तुरुंगवासही भोगला. लोकांकडून पैसे उकळण्याचे त्याचे काही प्रयत्न तर सरळसरळ लबाडीचे होते. विद्वानांच्या सभेत अशा माणसाचे बोलणे कोण मनावर घेणार? त्याच्या देशात त्याच्या आकृतींची दीर्घकाळ उपेक्षा झाली, त्याचे एक कारण त्याची ही कीर्तीही असावी.

या साऱ्या वणवणीतही त्याने आपली मूळ विद्या सोडली नव्हती. १८०१ मध्ये त्याने आणखी एक छोटा ग्रंथ काढला. त्यात युरोपातील प्रत्येक राज्याचा विस्तार एकेका वर्तुळाने दाखविला होता. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेले, म्हणून त्याने त्या वर्तुळाचे तीन पाकळ्यांसारखे भाग पाडले आणि ते निरनिराळ्या रंगांनी रंगविले. आज शाळेत ज्याला वृत्तालेख म्हणतात, तो हाच. या ग्रंथाला त्याने एक पुरवणी जोडली होती आणि तीत हिंदुस्थानातील राज्यसत्तांचे वर्णन त्याच पद्धतीने केले होते. त्या वर्षी पुण्यास दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता. शनिवारवाड्यात दप्तरखान्याच्या रुमालांत बांधलेले हिशेब मोडीत लिहिले जात होते, आणि सातासमुद्रांपलीकडे एक कर्जबाजारी स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानच्या सत्तांची वर्तुळे आखीत होता.

१८२१ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने शेतीच्या दुरवस्थेवर एक पत्रक लिहिले. नेपोलियनबरोबरचे युद्ध संपल्यावर इंग्लंडात धान्याचे भाव कोसळले होते आणि शेतकरी हवालदिल झाले होते. बाजारसमितीत सोयाबीन किंवा तूर घेऊन गेलेल्या चिखलीच्या शेतकऱ्याला भाव पडणे म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. प्लेफेअरने सुमारे अडीचशे वर्षांचे गव्हाचे भाव उंच-ठेंगण्या स्तंभांनी दाखविले, त्यांच्याखाली चांगल्या कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेषा काढली आणि वरच्या अंगाला त्या त्या काळच्या राजा-राणींची नावे मांडली. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधीही इतका स्वस्त नव्हता, हे त्याला दाखवावयाचे होते. आकृती देखणी आहे. मात्र एका माप गव्हासाठी किती आठवड्यांची मजुरी लागे, हे पाहणाऱ्याला स्वतःच ताडून पाहावे लागते. तेवढा भागाकार करून त्याने एकच रेषा काढली असती तर बरे झाले असते.

११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये प्लेफेअरचा मृत्यू झाला. अखेरचे दिवस दारिद्र्याचे होते.

त्याच्या मागे पुष्कळ वर्षांनी त्याच्या पद्धतीचे दिवस आले. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी युद्धातील सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक मेले, हे आकृतींनी दाखविले आणि सरकारला जागे केले. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी प्लेफेअरची जुनी पुस्तके पुन्हा अभ्यासिली. विसाव्या शतकात तर वर्तमानपत्रापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सर्वत्र स्तंभालेख दिसू लागले.

१७८६ मध्ये अशी एक आकृती छापावयाची, तर कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर एकेक रेघ उलटी कोरावी लागे. एक पट्टी चुकली की पत्रा पुन्हा घासावा लागे. आज विमानमार्गांचा स्तंभालेख काढणारी मुले पायथनसारख्या संगणकीय भाषेत तेच काम करतात. यादीच्या प्रत्येक ओळीत एका उड्डाणाची दोन नावे असतात, निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण. पहिली आज्ञा सारख्या जोड्या मोजते, दुसरी त्यांना लहानमोठ्या क्रमाने लावते, तिसरी पट्ट्या आखते. मार्गांची नावे लांब असल्यामुळे पट्ट्या उभ्या न ठेवता आडव्या ठेवणे सोयीचे पडते. प्लेफेअरच्या पानावरही त्या आडव्याच होत्या. मोजपट्टी शून्यापासून सुरू केली नाही, तर जेमतेम थोडा अधिक रहदारीचा मार्ग दुप्पट मोठा भासतो, म्हणून तेवढी काळजी घ्यावी लागते. पट्टी उड्डाणांची की प्रवाशांची, हेही वर स्पष्ट लिहावे लागते, कारण लहान विमानांच्या दहा फेऱ्यांत जितकी माणसे जातात तितकी मोठ्या विमानाच्या तीन-चार फेऱ्यांतही जाऊ शकतात.

यानंतर एक प्रश्न उरतो. मुंबईहून दिल्लीला जाणारे विमान आणि दिल्लीहून मुंबईला येणारे विमान एकाच मार्गाचे धरावे की दोन मार्गांचे? संगणक हे स्वतः ठरवीत नाही. जाणाऱ्यांची एक आणि येणाऱ्यांची एक अशा दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या, एक भरीव आणि एक रेघारेघांची, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या जुन्या पानावरील मांडणीच पडद्यावर येते.